कन्नडकर काकांची रीतसर खोली

आमच्या गल्लीत कधी कुणाविरुद्ध तक्रार केली नाही असं घर शोधूनही सापडणार नाही. कुणाच्या कुंडीचं पाणी कुणाच्या ओट्यावर गळतं, कुणाची गाडी कुणाच्या फाटकासमोर लागते, कुणाच्या कडुनिंबाचा पाला कुणाच्या वाळवणात पडतो. तक्रारींना इथं तोटा नाही. पण स्वतःच्याच घराविरुद्ध लेखी तक्रार करणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो म्हणजे आमच्या शेजारचे अंबादास कन्नडकर.

तक्रार त्यांनी स्वतः नेऊन दिली. बांधकाम परवानगीच्या ऑफिसात खिडकीपलीकडच्या माणसानं अर्ज वाचला आणि सवयीनं विचारलं, "हे कन्नडकर कोण?"

"घरमालक. नकाशापेक्षा जास्त बांधलंय त्यांनी."

"आणि तुम्ही शेजारी का?"

"नाही. मीच कन्नडकर."

त्या बिचाऱ्यानं चष्मा काढला, काकांना आत बोलावून खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि घरी कुणी मोठं माणूस आहे का, असं हळूच विचारलं. हे सगळं मला काकांनीच सांगितलं, तेही रागारागानं. "पाणी दिलं, ताई. पण अर्जाची पोच नाही दिली. ही काय पद्धत झाली?"

त्यांनी असं का केलं ते सांगणारच आहे, पण आधी माणूस कळायला हवा, नाहीतर तुम्हीसुद्धा त्यांना पाणीच द्याल.

काका उंच, काटकुळे, कपाळाला बारीक गंध लावणारे. सगळी नोकरी एका सरकारी खात्यात आवक-जावक विभागात गेली. आलेला कागद कधी आला आणि गेलेला कुठं गेला हे सांभाळता सांभाळता माणसाचं तेच होऊन जात असावं. त्यांच्या तोंडी एक शब्द कायम असतो, 'रीतसर'. चहा रीतसर हवा, म्हणजे आधी पाणी, मग चहा, मग बशी. पाऊस रीतसर पडला की ते खूश असतात. कुणी वारलं तर समाचाराला जाऊन आल्यावर म्हणतात, "सगळं रीतसर झालं हो." गल्लीतली पोरं त्यांना 'रीतसर काका' म्हणतात, आणि काकांना ते आवडतं असा माझा संशय आहे.

पहाटे ते स्कूटरवरून दूध आणायला जातात. टीव्ही सेंटरच्या चौकात त्या वेळी चिटपाखरू नसतं, पण सिग्नल लाल असला की काका थांबणार. चारी रस्ते मोकळे, एखादं कुत्रं तेवढं रस्ता ओलांडतंय, आणि मधोमध हेल्मेट घातलेले काका हिरव्या दिव्याची वाट बघतायत, हे आमच्या दूधवाल्यानं एकदा इतक्या कौतुकानं सांगितलं की मी मुद्दाम एक दिवस लवकर उठून बघून आले. खरं होतं.

तोंडी काही चालत नाही, हा त्यांचा दुसरा नियम. एका वर्षी मुलीच्या वाढदिवसाला मी कुंपणावरून हाक मारून सांगितलं, "काका, संध्याकाळी या." आले नाहीत. पुढच्या वर्षी वहीच्या कागदावर चार ओळी लिहून धाडल्या, तर सगळ्यांच्या आधी हजर, आणि तो कागद खिशात. आमची शिडी नेली की परत आणून देताना नुसती ठेवून जात नाहीत. मी बाहेर येऊन "मिळाली" म्हणेपर्यंत उभे राहतात. माझा नवरा म्हणतो की या माणसाला यमदूत न्यायला आला तर तोसुद्धा आदेशाची प्रत विसरला म्हणून परत जाईल. काकू होत्या तेव्हा त्या सांगायच्या की लग्नात काकांनी भटजींना मध्येच थांबवलं होतं, एक मंत्र राहिला म्हणून. "आणि खरंच राहिला होता बाई," असं म्हणून त्या पदर तोंडाला लावायच्या. काकू गेल्या, मुलगा पुण्यात, आणि काका त्या दोन खोल्यांच्या घरात एकटे. मुलाचा फोन रविवारी सकाळी येतो. तोही रीतसर.

अशा माणसानं एक दिवस जाहीर केलं की घराला एक खोली वाढवायची आहे.

आता आमच्या गल्लीत घर वाढवणं म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. सिडकोतली ही मुळातली छोटी घरं. पण आता तशी ती दाखवायलाही उरलेली नाहीत. जाधवांनी गच्चीवर पत्र्याची खोली चढवली, देशमुखांनी जिना बाहेर काढला, आम्ही गॅलरीला काचा लावून मुलीची अभ्यासाची खोली केली. परवानगी वगैरे कुणी काढत नाही. जोडून सुट्ट्या आल्या की काम उरकायचं, आणि नंतर कुणी विचारलंच तर हात जोडायचे, अशी आमची पिढीजात पद्धत.

काकांनी आधी नकाशा काढून घेतला. मग तो मंजुरीला दिला. मग पावसाळा गेला, दिवाळी गेली, संक्रांतीचे तिळगूळ संपले, तरी काका आपले ऑफिसात खेटे घालतायत. एकदाचा नकाशा मंजूर झाला तेव्हा त्यांनी फाटकावर परवानगीचा क्रमांक लिहिलेला फलक लावला, तसा नियमच आहे म्हणे. असा फलक आमच्या गल्लीनं पहिल्यांदाच बघितला. संध्याकाळी लोक फिरायला निघाले की तिथं थांबून वाचायचे.

काम घेतलं शफीकभाई मिस्त्रींनी. गल्लीतली निम्मी बेकायदा बांधकामं त्यांच्याच हातची, आणि सगळी मजबूत. काकांनी पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात मंजूर नकाशाची प्रत ठेवली. शफीकभाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि सिमेंटच्या रिकाम्या गोणीत घालून खुंटीला अडकवली. "काका, बेफिकीर राहा. ऐसी खोली बनाऊंगा की पोरं नाव काढतील."

मग पाया भरला आणि घोळ झाला. काका दोन दिवस गावाला, देवगाव रंगारीला गेले होते. तेवढ्यात जोतं उठलं. शफीकभाईंना वाटलं की काकांसारखा भला माणूस, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी बांधतोय, कागदावरची खोली जरा चिंचोळीच आहे, आणि कडेला जागा तर पडलेली आहे. त्यांनी दोरी नऊ इंच बाहेर सरकवली. फुकट. वरून एक पैसा मागायचा नाही असं ठरवून. हे त्यांनी मला आधीच कानात सांगून ठेवलं होतं आणि काकांचा चेहरा खुलेल ते बघायला संध्याकाळी मुद्दाम थांबले होते.

काका आले, पिशवी खाली ठेवली आणि मोजायची फीत लावली. एकदा लावली, दुसऱ्यांदा लावली. मग पायरीवर बसले.

"हे जास्त झालंय, शफीकभाई."

"हौ काका. आपकू थोडी मोकळी-ढाकळी होईल म्हणून—"

"पाडा."

शफीकभाईंना वाटलं थट्टा करतायत. नकाशावाल्या इंजिनिअरला बोलावलं, तोही म्हणाला, "काका, नऊ इंच कोण बघतंय? राहू द्या." सगळी गल्ली म्हणाली राहू द्या. सगळेच राहू द्या म्हणतायत हे बघून काका दुसऱ्या दिवशी उठले आणि वर सांगितलेली ती तक्रार देऊन आले. त्यांचा हिशेब सरळ होता. कुणी अधिकारी येऊन 'जास्त आहे' म्हणाला की शफीकभाई ऐकतील.

पाणी पाजणाऱ्या त्या माणसानं अर्ज पुढं पाठवला असावा, कारण तपासणीचा दिवस ठरला. काकांनी आदल्या दिवशी घरोघरी जाऊन, अगदी सत्यनारायणाचं आमंत्रण द्यावं तसं सांगितलं, "उद्या अकराच्या सुमारास तपासणी आहे. कुणाला यायचं असेल तर या."

गल्लीत जी धांदल उडाली ती विचारू नका. देशमुखांनी जिन्यावर हिरवी जाळी टाकून तिला वेल सोडले. जाधवांनी गच्चीवरच्या खोलीच्या दारावर 'कबुतरे' अशी पाटी लावली. आत त्यांचा मुलगा आणि सून राहतात. सून इतकी चिडली की दुपारीच माहेरी फुलंब्रीला निघून गेली. मी गॅलरीच्या काचा दिसू नयेत म्हणून घरातल्या सगळ्या गोधड्या आणि चादरी भिजवून बाहेरून वाळत घातल्या. एवढ्या घाईत नळाचा दिवस नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही, पिण्याचं भरून ठेवलेलं पाणी त्यात गेलं.

तपासणीला आल्या त्या इंगळे मॅडम, तिशीतल्या, स्कूटरवरून आलेल्या, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली. खाली उतरल्या आणि वर आमच्या गोधड्यांकडे बघत म्हणाल्या, "आज इकडं पाणी आलं का?"

"नाही," मी म्हणाले, कारण दुसरं काही सुचलं नाही.

त्या हसल्या आणि पुढं गेल्या. त्यानंतर त्यांनी मान वर केली नाही, हे मी त्यांचं ऋण मानते.

मोजमाप झालं. "नऊ इंच जास्त आहे."

"मी तेच लिहिलं होतं," काका समाधानानं म्हणाले.

"पाडावं लागेल मग काका."

"त्यासाठीच तर बोलावलं तुम्हाला."

मॅडम त्यांच्याकडे बघतच राहिल्या. शफीकभाई मध्ये पडले. "मॅडम, जगा काका की, दीवार काका की. नौ इंच अंदर सरकी तो किसका भला होनेवाला है?" मॅडमनी पेन उघडलं. त्यांनी शेरा लिहिला आणि गेल्या. शफीकभाईंनी मजुरांना बाजूला केलं. "मेरा बनाया मैंच तोडूंगा," असं म्हणून स्वतः घण उचलला, आणि दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "भाभी, जिंदगी में पैला गिऱ्हाईक देखा, जो कम जगा मंगता."

मला फार राग आला काकांचा. इतक्या प्रेमानं कुणी काही दिलं तर ते असं घणानं परत करायचं? मी तणतणतच कुंपणापाशी गेले. "काका, स्वतःच्याच खोलीच्या जिवावर का उठलात तुम्ही?"

ते पाइप धरून नव्या जोत्यावर पाणी मारत होते. टँकरचं पाणी, तेही आधी नोंद करून मागवलेलं. "उद्या कुणी फीत लावली म्हणजे, ताई?"

"कोण लावणार आहे?"

"लावतात," ते म्हणाले आणि पाइप घेऊन पलीकडच्या बाजूला गेले. एवढं एकच वाक्य त्यांनी त्यांच्या नेहमीच्या ऑफिसच्या आवाजात म्हटलं नाही. पण मी तेव्हा तणतणण्यात होते.

खोली कुणासाठी, हेही ते सांगत नव्हते. विचारलं की म्हणायचे, "पाहुणे येणार आहेत." खोलीला बाहेरून स्वतंत्र दार, आत न्हाणीघर, ओटा, आणि काकांच्या घरात उघडणारं मात्र एकही दार नाही, मधली भिंत सलग. भाडेकरू ठेवणार असं देशमुखांचं मत. काका दुसरं लग्न करतायत असं जाधवांच्या सुनेचं मत, ती परत आली होती आणि आता कुणाबद्दल काहीही म्हणायला मोकळी होती.

खोली पूर्ण झाली. आता शेवटची तपासणी आणि मग भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इथं राहायला हरकत नाही असा कागद, एवढंच राहिलं होतं. आणि त्या आधीच एका दुपारी फाटकाशी रिक्षा थांबली. तिच्यातून पत्र्याची ट्रंक उतरली, गोधड्यांचं गाठोडं उतरलं, दगडी पाटा उतरला, तो उतरवताना रिक्षावाल्यानं देवाचं नाव घेतलं, आणि शेवटी जाड भिंगाचा चष्मा लावलेली, नऊवारीतली एक एवढीशी म्हातारी उतरली.

"अंब्या," तिनं हाक मारली, "दिवसाढवळ्या फाटक काहून लावून घेतलंस रं?"

काका धावत आले. अनवाणी. त्यांना कुणी अंब्या म्हणू शकतं, हे गल्लीला त्या दिवशी कळलं.

ती काकांची मोठी बहीण, आक्का. आई लवकर गेली, तेव्हा काकांना तिनंच कडेवर वागवलेलं. देवगावात पुतण्याच्या ओसरीवर राहायची. पुतण्याच्या मुलाचं लग्न निघालं, ओसरी लागणार होती, म्हणून ही ठरल्या दिवसाआधी निघून आली. काकांची मोठीच पंचाईत. बहीण दारात आणि कागद अजून हातात नाही. कागदाशिवाय नव्या खोलीत पाऊल टाकायचं नाही हा काकांचा हट्ट, आणि भावाच्या घरात बिऱ्हाड मांडायचं नाही हा आक्कांचा. शेवटी ट्रंक व्हरांड्यात राहिली, आक्का नव्या खोलीच्या बंद दाराबाहेर पायरीवर बसल्या, आणि तपासणी दोन दिवसांवर आलीच आहे, तेवढ्यापुरतं रात्री काकांच्या घरात पाठ टेकायची, अशी तडजोड झाली.

मी पिठलं-भाकरी घेऊन गेले तर त्या लसूण सोलत होत्या. मला बसवून घेतलं आणि न विचारताच सगळं सांगितलं.

"आमचे हे गेले, तवा मी रस्त्याच्या कडंला खोली बांधली व्हती बाई. भिंती मी सवताच्या हातानं लिपल्या. रस्त्याकडं दार. येनाऱ्या-जानाऱ्या बाया टेकायच्या, पानी प्यायच्या. लई वर्सं राहिले. मंग रस्ता मोठा करायचं निघालं. आले ते मानसं वाईट नव्हते, माझ्या घरचं पानी पिले. फीत लावली आन् म्हनले, आजी, ही भिंत रस्त्यात येती, उठा. तव्यावर भाकर व्हती माझी. उठले."

लसणाची एक पाकळी त्यांनी उजेडात धरून बघितली.

"अंब्या दुसऱ्या दिशी आला. मी ट्रंकेवर बसलेली. लई रडला. मी नाय रडले. म्हनला, आक्के, माझ्या घरी चल. मी म्हनलं, ते घर तुझ्या बायकोचं, उंद्या तुझ्या पोराचं. आता जिथून कुनी ऊठ म्हनंल, तिथं मी बसनार नाय. मला माझी खोली काढ. कुनी किती बी फिता लावू दे, बोटभर इकडं-तिकडं भरायची नाय, अशी. मंग येते." त्या थांबल्या आणि हसल्या. "मी आपलं त्याला लावून दिलं व्हतं बाई. म्हनलं, आता गप बसंल. नाय गप बसला. नोकरी सुटली आन् लागला पाठी."

माझे डोळे भरून आले, आणि काकांचा पुन्हा रागही आला. एवढं साधं होतं तर आम्हाला सांगायला काय झालं होतं? नऊ इंचांसाठी शफीकभाई दिवसभर जेवले नव्हते.

शेवटच्या तपासणीला इंगळे मॅडम आल्या तेव्हा काकांनी गल्लीला आगाऊ सूचना दिली नव्हती. सकाळपासून ते फाटकाशी येरझारा घालत होते. मला वाटलं, आक्कांची काळजी. मॅडमनी नकाशा उघडला, लांबी-रुंदी मोजली, उंची मोजली, कडेची मोकळी जागा मोजली. सगळं तंतोतंत. मग त्या आत जाऊन थांबल्या.

"ही खिडकी?"

गल्लीच्या बाजूच्या भिंतीत एक खिडकी होती. ठेंगणी, जमिनीपासून जेमतेम हातभर वर. आम्ही सगळ्यांनी ती रोज पाहिली होती, पण नकाशात आहे का नाही असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. काकांचं बांधकाम ते. शफीकभाई एकदम आभाळाकडे बघायला लागले.

"नकाशात मागची एकच खिडकी आहे, काका. ही नाही."

"नाही," काका म्हणाले. मान खाली. "ही मी बसवून घेतली."

"तुम्ही?"

"आक्का खाली बसते. मागची खिडकी उंचावर आहे, खाली बसलेल्या माणसाला त्यातनं नुसतं आभाळ दिसतं. भिंती चढत होत्या तेव्हा तिनं फोनवर विचारलं, तिथनं माणसं दिसतील ना रे? जन्म रस्त्याकडं तोंड करून काढलेली बाई आहे ती. मी हो म्हणून बसलो." मग अगदी हळू आवाजात, "नकाशा बदलायला टाकला असता तर फार वेळ गेला असता. मला धीर नाही निघाला."

घण घालून नऊ इंच तोडायला लावणारा हा माणूस. शाळेत चोरून बोरं खाताना सापडलेल्या मुलासारखा उभा होता. कुणाला हसू आलं नाही.

मॅडमनी नकाशाची घडी केली. त्यांनाही अवघड वाटत होतं. "हे बघा, खिडकी बुजवली तर आठवड्यात प्रमाणपत्र निघेल. ठेवायची असेल तर सुधारित नकाशा द्या. मिळेल मंजुरी, अडचण काही नाही, पण दोन-तीन महिने जातील. आणि तोपर्यंत खोली वापरायची नाही."

पायरीवरून आवाज आला, "बुजव ती."

"आक्के—"

"मला खिडकी नको. कागद पायजे. बुजव म्हनते ना."

शफीकभाई विटांकडे बघायला लागले. काका मात्र जागचे हलले नाहीत. "खिडकी राहणार," ते म्हणाले. "मॅडम, सुधारित नकाशा देतो मी."

आक्का गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "मंग मी जाते देवगावला. कागद झाला की बोलीव."

"कुठं जाशील? ओसरीत मांडव पडलाय तिथं."

हे खरं होतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं. आक्का उभ्याच राहिल्या. मी त्यांच्या हाताकडे बघत होते, पदराचं टोक त्या नुसतं गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. जाडजूड ट्रंक, पाटा, गाठोडं असं सगळं बिऱ्हाड हाताशी, आणि ते ठेवायला ना या एवढ्या शहरात जागा, ना त्या गावात.

"आक्के, तोवर माझ्या खोलीत राहा," काका म्हणाले. "पाहुणी म्हणून राहा. पाहुण्याला कुणी ऊठ म्हणत नाही."

आक्कांनी पदराचं टोक कमरेला खोचलं. शफीकभाईंनी कुणाला न विचारता ट्रंक उचलली आणि काकांच्या खोलीत नेऊन ठेवली. मग येऊन पाटाही नेला.

पुढचे महिने काका दिवाणखान्यातल्या दिवाणावर झोपले आणि पाहुणीनं घर ताब्यात घेतलं. पहिल्या आठवड्यात फ्रिज भिंतीपासून सरकवला, दुसऱ्यात काकांची तांदळाची खिचडी बंद करून ज्वारीची भाकरी सुरू केली. "अंब्या, नळ आला." "अंब्या, चष्मा कुठं ठिवला माझा?" "अंब्या, त्या कुत्र्याला भाकर टाक आन् ये." कुंपणापलीकडून दिवसभर हे चालायचं. काका "हो आक्के" म्हणत धावायचे. इतकी वर्षं त्या घरातून बातम्यांशिवाय दुसरा आवाज आला नव्हता. काकांचं वजन वाढलं. एक दिवस ते मोठ्यानं हसले, तेव्हा मी कढईखालचा गॅस बारीक करून ऐकत राहिले, कारण त्यांचं हसू कसं असतं ते मला ठाऊकच नव्हतं.

नव्या खोलीत त्या काळात झाडलोटीपलीकडे कुणी पाय ठेवला नाही. आक्का पायरीवर बसायच्या, काका आठवड्याला कुलूप उघडून झाडून घ्यायचे आणि पुन्हा लावायचे. सुधारित नकाशा मंजूर झाला, इंगळे मॅडम पुन्हा येऊन खिडकी मोजून गेल्या, आणि एकदाचा तो कागद आला. काकांनी कुलूप काढून आक्कांना आत बसवलं आणि तो गल्लीत उभं राहून, त्या ठेंगण्या खिडकीशी वाकून त्यांना पूर्ण वाचून दाखवला, जावक क्रमांकासकट.

"बोटभर इकडं-तिकडं नाय ना?"

"नाही आक्के."

"खिडकीसकट?"

"खिडकीसकट."

आक्कांनी खोलीत पाटा मांडला, मी आणि जाधवांच्या सुनेनं दाराला तोरण लावलं, काकांनी गुलमंडीवरून पेढे आणून घरोघरी वाटले. शफीकभाईंनी भिंतीवर हात फिरवून बघितला आणि दोन पेढे जास्त घेतले. गल्लीलाही आनंद झाला, आता तपासणीला कुणी येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आमच्या फाटकाशी उभे. हातात दुधाची पिशवी, डोळे लाल.

"ताई, एक विचारायचं होतं."

"बोला की काका. बरं नाही का?"

"झोप नाही लागली." ते पिशवी या हातातून त्या हातात घेत होते. "इतके दिवस मी बाहेरच्या खोलीत असायचो, मधलं दार उघडं. तिला खोकला लागतो पहाटे. कूस बदलली की पाय दुखतात म्हणून 'विठ्ठला' म्हणते. ते सगळं ऐकू यायचं. काल काहीच नाही. अंगणातून वळसा घालून दोनदा खिडकीशी जाऊन आलो, तर झोपल्यासारखी वाटली." मग म्हणाले, "मधल्या भिंतीत एक दार पाडावं म्हणतो."

"मग पाडा ना. आतल्या दाराला परवानगी लागत नाही म्हणतात."

"ऑफिसचं मी विचारीन हो. तिला कसं विचारू?" काका म्हणाले. "तिनं एकच गोष्ट मागितली होती, स्वतःची खोली. ती मिळून एक दिवस नाही झाला, आणि मी तिच्यात दार पाडायला निघालो. तिला वाटायचं, हासुद्धा आता... तुम्ही बघता का विचारून?"

मी गेले. आक्का त्या ठेंगण्या खिडकीशी बसून मेथी निवडत होत्या. खिडकीबाहेर गल्ली सुरू झाली होती, भाजीवाला, शाळेची रिक्षा, देशमुखांची मोटारसायकल, आणि आक्का प्रत्येकाला बघून मान हलवत होत्या. मला बस म्हणाल्या. सुरुवात कशी करावी ते मला कळेना. मीही चार काड्या निवडायला घेतल्या.

"अंब्या झोपला का गं रातच्याला?" त्यांनीच विचारलं.

"का हो?"

"आवाजच नाय आला त्याचा. लहानपनापासून घोरतो बघ तो. पाळन्यातबी घोरायचा. रातभर कान लावून बसले मी, तर कायीच नाय." त्यांनी हात मागं नेऊन त्या सलग भिंतीवर दोनदा थापटलं. "त्या मिस्तरीनं लई जाड घातली बाई भिंत. मानूस पल्याड हाय का नाय, तेबी कळंना. पन आता त्याला काय सांगायचं? एवढ्या हौसेनं बांधलंय लेकरानं."

मी मेथी तशीच ठेवून बाहेर आले. काका अजून आमच्या फाटकाशीच उभे होते, पिशवी हातात तशीच.

"काका," मी म्हणाले, "शफीकभाईंना फोन लावा."